नंबर सांगायचा, नाव गिळायचं

“माणसं किती आणि यंत्रं किती, तेवढं सांग म्हणजे झालं,” मगदूम सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सरांनी आम्हाला हायस्कुलात गणित शिकवलं होतं. चष्मा टेबलावर आला की उदाहरण सुटल्याशिवाय वर्गातून बाहेर पडायची सोय नाही, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

सोमवडे सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक चालली होती आणि विषय होता कॉम्प्युटर विभाग बंद करण्याचा. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी, दोन कॉम्प्युटर, फोनच्या तारेवरून रडतखडत येणारं इंटरनेट आणि वाचनालयाची वेबसाइट. अध्यक्ष तात्यासाहेब ऐनापुरे यांचा प्रस्ताव असा, की त्या खोलीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका करावी आणि वेबसाइट गुंडाळून टाकावी.

“कोण वाचतंय ते?” तात्यासाहेब म्हणाले. “हुक्केरीबाईंच्या आठवणी चांगल्याच असतील. पण त्यासाठी अख्खी खोली अडवायची?”

“तात्या, पानाच्या तळाशी आकडा येतो की! हजारोंच्या घरात गेलाय,” मी म्हटलं.

त्यावर मगदूम सरांनी तो माणसांचा आणि यंत्रांचा प्रश्न टाकला होता. त्यांचा भाचा बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये होता. माहिती शोधून देणाऱ्या कंपन्यांचे रोबो रात्रंदिवस जगभरची पानं चाळत हिंडतात आणि तेही वाचक म्हणून मोजले जातात, असं त्यानं मामाला सांगून ठेवलं होतं. भाच्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, हीच अडचण होती.

“पुढच्या बैठकीत मी वाचकांची नावंच आणते,” मी बोलून गेले.

तात्यासाहेबांचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. “नावं? ती कशी काय कळणार?”

“कळतात, तात्या. प्रत्येक वाचकाचा नंबर नोंदला जातो. नंबरावरून नाव काढता येतं.”

“असं?” म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला. मला वाटलं, माझ्या हुशारीनं गार झाले. कोपऱ्यात त्यांच्या पत्नी शैलावहिनी नेहमीप्रमाणे मान खाली घालून विणत बसल्या होत्या. त्या वाचनालयाचा महिला विभाग बघायच्या. बैठकीत कधी चकार शब्द काढायच्या नाहीत. दर आठवड्याला माझ्याकडून हुक्केरीमावशींच्या लेखाची छापील प्रत मात्र महिला विभागासाठी म्हणून न चुकता न्यायच्या.

आता हुक्केरीमावशी कोण, ते सांगायला हवं. सरोजिनी हुक्केरी सोमवड्याच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. डायल फिरवायचे फोन यायच्या आधीचा तो काळ. रिसीव्हर उचलला की आधी मावशींचा आवाज यायचा, “बोला, नंबर?” आणि मग मावशी हातानं तार जोडून द्यायच्या. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागायचा. लाइन फारच खराब असली, तर मावशी मध्ये बसून इकडचं बोलणं तिकडं आणि तिकडचं इकडं पोचवायच्या. निवृत्त झाल्यावर घरात एकट्या. बोलायला कुणी नाही म्हणून एक दिवस वाचनालयात आल्या, माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि बोलायला लागल्या. मी टाइप करायला लागले. दर गुरुवारी सकाळी एक भाग वेबसाइटवर चढायचा. सहा महिन्यांत मावशी दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मावशींचा एक नियम होता. माणसाचं नाव घ्यायचं नाही, नुसता नंबर. नोकरीला लागताना त्यांनी तशी शपथ घेतली होती. “नंबर सांगायचा, नाव गिळायचं,” त्या म्हणायच्या. तरी मी एकदा विचारलंच, की जुन्या लोकांना नंबरावरून माणूस ओळखू येणार नाही का?

“नंबर बी बदलून सांगतोय ग मी तुला,” मावशी म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका बोलताना सर्रास पुरुषांसारखं ‘सांगतोय, येतोय’ म्हणतात. “मी काय खुळी हाय?”

त्या वेळी चालू होती सत्तावीस नंबरची गोष्ट. सत्तावीस म्हणजे एका अडत दुकानदाराचा तरणा मुलगा. तो दर गुरुवारी वडील जेवायला घरी गेले की संकेश्वरच्या चौदा नंबरला ट्रंक कॉल लावायचा आणि विचारायचा, “गुळाचा भाव काय?” तिकडून एक मुलगी भाव सांगायची. भाव सकाळच्या पेपरात छापून यायचाच. तरी हा विचारायचा, ती सांगायची, वर “गेल्या खेपेपेक्षा जरा उतरलाय” अशी भर घालायची. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. वर्षभर नुसता गूळ चालला होता. मग एका गुरुवारी लाइन इतकी खराब, की दोघांना एकमेकांचं अक्षर ऐकू येईना. मावशींना मात्र दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकू येत होतं. सत्तावीस ओरडून म्हणाला, “त्यांना विचारा, येत्या रविवारी आमची माणसं बघायला आली तर चालेल का?” मावशींनी तो निरोप जसाच्या तसा पुढं दिला.

तिथंच भाग संपला होता. चौदा नंबरनं काय उत्तर दिलं, ते मावशींनी राखून ठेवलं होतं. आणि नेमका तेव्हाच तात्यासाहेबांनी विभाग बंद करायचा प्रस्ताव आणला.

बैठक संपल्यावर मी मावशींना सगळं सांगितलं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

“बंद झालं तर झालं,” त्या म्हणाल्या. “पण त्या पोराला असं लोंबकळत ठेवून? माझ्या हातून चालता कॉल कधी तुटला न्हाई, रेश्मा.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मला स्वतःच्या नोकरीपेक्षा त्या डोळ्यांचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामाला लागले. जे कुणी वेबसाइट उघडतं त्याच्या कॉम्प्युटरचा नंबर साठत जातो. आकड्यांचे चार तुकडे, मध्ये टिंबं. अशा नंबरांचा ढीग समोर होता. एकेक नंबर घेऊन त्याचं नाव विचारत बसले असते तर माझे केस तिथंच पिकले असते. म्हणून डिप्लोमाला असताना लिहिलेला एक छोटा प्रोग्राम काढला. त्याच्या तोंडात नंबरांचा ढीग घालायचा. तो इंटरनेटवर प्रत्येकाची चौकशी करतो आणि नंबरापुढं त्या मशीनचं नाव लिहून देतो.

“आमच्यात कुणी नुसतं नाव सांगितलं तरी मी नंबर जोडायचो,” मावशी स्टुलावर बसत म्हणाल्या. “तू उलटंच करतीस.”

“हो. पण माणसाचं नाव नाही कळत, मावशी. मशीनचं कळतं.”

“म्हंजे कुणाच्या दुकानातला फोन ते कळतं, बोलतंय कोण ते न्हाई.”

“अगदी तसंच.”

“मग बरोबर. बोलतंय कोण ते आवाजावरनं वळखायचं.”

पडद्यावर नावं उमटायला लागली आणि माझं तोंड उतरत गेलं. रोबो, रोबो, पुन्हा रोबो. त्या मशीनांची नावंच तशी असतात, लपवाछपवी नाही. मधूनच एखादा नंबर नुसता कोरा राहायचा, कारण काहींना कुणी नावच दिलेलं नसतं.

“ही समदी कोण?” मावशींनी विचारलं.

“यंत्रं, मावशी.”

“येवढी? वाचून काय करत्यात?”

“काही नाही. नोंद करून जातात.”

“आमच्या साहेबांवानी,” मावशी म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. नाहीतर रडलोच असतो.

मग हळूहळू माणसं दिसायला लागली. मशीनचं नाव शेवटाकडून वाचायचं, म्हणजे आधी देश, मग संस्था आणि सगळ्यात पुढं ते मशीन. पाकिटावरचा पत्ता आपण गाव आधी बघून वाचतो तसं. मस्कतचं एक हॉस्पिटल निघालं. कॅनडातलं एक विद्यापीठ, पुण्यातल्या दोन कंपन्या, कुठल्याशा जहाज कंपनीचं ऑफिस. मावशी प्रत्येक नावाला स्टुलावरून उठून पडद्याला नाक लावत होत्या. “मस्कत? हितनं मस्कतला माझं बोलणं जातंय?” असं त्यांनी तीनदा तरी विचारलं. जन्मभर इतरांची बोलणी जोडून दिलेल्या बाईचं स्वतःचं बोलणं पहिल्यांदाच एवढ्या लांब गेलं होतं.

आणि मग ते नाव आलं. देश आपलाच, संस्था सोमवडे सहकारी सूतगिरणी. गिरणीनं त्या वर्षी इंटरनेटची स्वतंत्र लाइन घेतली होती आणि तिथल्या शिस्तीच्या इंजिनिअरनं प्रत्येक कॉम्प्युटरला जागेचं नाव ठेवलं होतं: गेट, स्टोअर, अकाउंट्स. हे मशीन होतं ‘चेअरमन केबिन’. सूतगिरणीचे चेअरमन कोण? वाचनालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब ऐनापुरेच!

मी खुर्चीतून उडालेच. दर गुरुवारी सकाळी, भाग चढल्या चढल्या, सगळ्यात आधी हे मशीन हजर. सत्तावीस नंबरचे भाग तर पुन्हा पुन्हा उघडलेले. शेवटचा भाग किती वेळा उघडला होता, ते मोजायचंही मी सोडून दिलं.

“सापडले!” मी टाळी वाजवली. “मावशी, जो माणूस म्हणतो कुणी वाचत नाही, तोच सगळ्यात आधी वाचतो! बैठकीत नाव वाचते की नाही बघा. बोलतीच बंद.”

मावशींनी पडद्याकडं पाहिलं. आधी त्या नुसत्या गालात हसल्या. मग पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की स्टूल डगमगायला लागलं. डोळ्यांतून पाणी.

“काय झालं?”

“काय न्हाई. पण नाव घ्यायचं न्हाई.”

“मावशी! एक नाव घेतलं की तुमचा लेख बचावतो.”

“न्हाई म्हणजे न्हाई. कोण चोरून ऐकतंय ते गावात सांगत सुटलो असतो, तर ह्या गावात चार घरं उभी ऱ्हायली नसती. नंबर सांग. नाव गीळ.”

“मी बैठकीत शब्द दिलाय.”

“मी बी दिलता,” मावशी म्हणाल्या. “सरकारला.”

बैठकीच्या दिवसापर्यंत मी मावशींशी धड बोलले नाही. मला राग आला होता. हातात हुकमाचं पान असून खेळायचं नाही म्हणजे काय! त्यातून मावशी लेखाचा पुढचा भागही सांगेनात. विभाग राहिला तर गुरुवारी सांगीन, म्हणाल्या.

रविवारी सकाळी बैठक भरली. मावशींना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या मागच्या बाकावर बसल्या. शैलावहिनी कोपऱ्यात विणत होत्या. तात्यासाहेबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण कपाळावर घाम होता.

मी खरं तेच सांगितलं. रोबो जास्त, माणसं कमी. मगदूम सरांनी विजयी मुद्रेनं चष्मा काढला. मग मी मस्कतचं हॉस्पिटल सांगितलं.

“जोशिलकरांची थोरली नर्स आहे तिथं!” कुणीतरी ओरडलं. कॅनडा म्हटल्यावर दोघा-तिघांनी बेळगुद्र्यांच्या नातवावर हक्क सांगितला. जहाज कंपनी कुणाची, यावरून जरा वादावादीही झाली. बैठकीत रंग भरला.

“आणि एक नंबर आपल्या सोमवड्यातलाच आहे,” मी म्हटलं. “दर गुरुवारी सकाळी पहिला वाचक तोच. सत्तावीस नंबरची गोष्ट तर पाठ झाली असेल त्याला.”

“कुणाचा नंबर?” मगदूम सर पुढं सरकले.

मी तात्यासाहेबांकडं पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. नाव अगदी जिभेच्या टोकावर होतं. मागं वळून मावशींकडं पाहिलं. त्या काहीच खुणावत नव्हत्या. हरायची तयारी करून आलेल्या.

मी आवंढा गिळला, त्याबरोबर नावही. “नंबर हवा तर वाचून दाखवते, सर. नाव सांगणार नाही.”

“हे काय? नावं आणते म्हणाली होतीस.”

“वाचणाऱ्याला ठाऊक आहे, सर.”

“मग हे आकडे धरायचे कसे?” तात्यासाहेब घाईघाईनं म्हणाले. “चला, प्रस्ताव मताला टाकू या.”

“थांबा जरा.”

आवाज कोपऱ्यातून आला होता. शैलावहिनींनी विणकाम मांडीवर ठेवलं होतं. बैठकीत त्यांचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता, त्यामुळं सगळ्या माना तिकडं वळल्या.

“मत नंतर घ्या. हुक्केरीबाई, पुढचा भाग कधी?”

“गुरुवारी. विभाग ऱ्हायला तर.”

“राहील. तुम्ही तेवढा भाग लिहाच,” शैलावहिनी म्हणाल्या. “संकेश्वर चौदानं काय उत्तर दिलं ते मलाच जाणून घ्यायचंय. कारण मी काहीच उत्तर दिलं नव्हतं.”

मगदूम सरांनी चष्मा उचलला आणि डोळ्यांवर चढवला.

तात्यासाहेब ताडकन उभे राहिले. “काहीच नाही? अगं, ‘या’ म्हणालीस की!”

“मी कुठं म्हणाले? लाइन तुटली.”

“हुक्केरीबाईंनी मला सांगितलं, ‘या म्हणताहेत’!”

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. सभागृह असं हसलं की खालच्या वर्तमानपत्र विभागातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. कारण एक होतं. गावात कुठंही लग्न असो, तात्यासाहेबांचं आशीर्वादाचं भाषण ठरलेलं. “आमच्या वेळी हे प्रेमबीम नव्हतं. आम्ही बायकोचं तोंड पहिल्यांदा बघितलं ते अंतरपाट दूर झाल्यावर!” म्हणूनच त्यांना धास्ती, की मावशींच्या लेखातून सत्तावीस नंबर कोण ते गावाला कळणार. लेख बंद तर करायचा होता, आणि वाचल्याशिवाय राहवतही नव्हतं.

“आपण तोंड बघितलं नव्हतंच,” ते केविलवाणे होऊन म्हणाले. “खोटं काय बोललोय मी? बघायला वडीलमाणसंच गेली होती. आवाज तेवढा ऐकला होता.”

“घरात कधी विचारलं नाहीत ते?” मगदूम सरांनी गणितातली चूक दाखवावी तसं विचारलं.

“कसं विचारणार? आधी आई होती, मग पोरं झाली.”

शैलावहिनी आता हसत होत्या, पण आवाज भरून आला होता. “मला इतकी वर्षं वाटायचं, काय हिमतीचा माणूस! उत्तराची वाटसुद्धा बघितली नाही, पाठवली माणसं.”

“आणि मला वाटायचं, काय धीट मुलगी! एका फटक्यात ‘या’ म्हणाली.”

मग दोघंही मागच्या बाकाकडं वळले. सगळेच वळले. मावशी उठून उभ्या राहिल्या. ऑपरेटरच्या खुर्चीत बसल्यासारखी पाठ ताठ.

“लाइन तुटली हे खरं,” त्या म्हणाल्या. “हिकडनं हे ओरडत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मी काय सांगणार? त्याच्या आधी वर्षभर, दर गुरुवारी, ह्यांचा कॉल लागायच्या अगोदर संकेश्वरवरनं मला विचारणा यायची. ‘बाई, सोमवड्याचा कॉल लागलाय का हो आज?’ येक गुरुवार चुकला न्हाई.” त्यांनी शैलावहिनींकडं पाहिलं. “ऐकलं न्हवतं ते सांगितलं, ही माझी चूक. पण ठाऊक होतं तेच सांगितलं.”

शैलावहिनी उठल्या आणि सगळ्यांच्या देखत मावशींच्या पाया पडल्या. मावशींनी त्यांना अर्ध्यातच धरलं. मी भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले. प्रस्ताव मताला पडलाच नाही. अभ्यासिका वरच्या मजल्यावर निघाली आणि तिचं उद्घाटन तात्यासाहेबांनीच केलं. भाषणात अंतरपाट आला नाही.

आज मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत हेच काम करते. ढिगानं नंबर येतात, कुठल्या दारातून कोण आत डोकावतंय ते ओळखायचं असतं. आता प्रोग्राम पुष्कळ वेगवान झाले आहेत. ओळखलेलं नाव मी योग्य जागी सांगते आणि बाहेर गिळते. हाताखालच्या मुलांना त्याचं कारण विचारावंसं वाटतं, तेव्हा मी त्यांना हुक्केरीमावशींची गोष्ट सांगते.

त्यांना शेवट आवडतो तो त्या पुढच्या गुरुवारचा. सकाळी मी भाग चढवला आणि सवयीनं नोंद बघत बसले. चेअरमन केबिनचा पत्ता नाही. दुपार व्हायला आली तरी नाही. आता हा माणूस कायमचा रुसला, असं मावशींना सांगणार, तोच दार ढकलून तात्यासाहेब आत आले. मागं शैलावहिनी. दोघांनी एकाच कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या ओढल्या. तात्यासाहेब चष्मा घरी विसरले होते, म्हणून वहिनी मोठ्यानं वाचायला लागल्या. चौदा नंबरच्या उत्तरापाशी आल्यावर त्या थांबल्या.

“वाच की,” तात्यासाहेब म्हणाले.

“पुढं तुम्हाला माहीत आहे.”

“बरं. मग आता तरी खरं उत्तर दे. येत्या रविवारी आमची माणसं बघायला आली तर चालेल का?”

मी कीबोर्डवरचे हात उचलले. मावशी स्टुलावर पुढं सरकल्या होत्या. शैलावहिनींनी पदर सारखा केला आणि कानामागं हात धरला.

“काय म्हणालात? ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “हुक्केरीबाई, लाइन खराब आहे. तुम्हीच सांगा त्यांना.”